जुन्या लुगड्याचं जॅकेट आणि तो फिरणारा मेसेज

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या कपड्यांना ठिगळं लावून त्याला कला म्हणणं हे शहरी खूळ. जुने कपडे गरिबांना द्या, नाहीतर ते रिसायकल होतातच. एका जॅकेटनं फास्ट फॅशन थांबत नाही.’ (फास्ट फॅशन म्हणजे स्वस्तात भराभर बनणारे आणि तितक्याच लवकर टाकले जाणारे कपडे.) मी बोहारणीकडून घेतलेल्या लुगड्यांची जॅकेटं शिवते, म्हणून उत्तर देते.

शहरी खूळ? खानदेशात गोधडी कुणाच्या घरात नव्हती? वर धड लुगडं, आत विरलेली धोतरं, आणि कडेपासून मध्याकडे सरकत जाणारा धावदोरा. काठ कुठे यावा, लाल तुकडा कुठे बसावा, हे माझी आजी आधी जमिनीवर मांडून बघायची. ती नुसती काटकसर नव्हती. तोच टाका मी अंगावर घालते.

रिसायकलचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पानिपतला जुने कपडे पिंजून त्यांच्या सुताची ब्लँकेटं होतात. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, आणि सुती-पॉलिस्टर मिश्रण वेगळं करणं फार अवघड. शर्टाचा पुन्हा शर्ट क्वचितच होतो. चिलीच्या आटाकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांचे डोंगर साचलेत ते उगाच नाही.

दान जरूर करा, पण धड आणि धुतलेलं द्या. काखेत फाटलेलं गरिबाच्या हातात ठेवू नका. माझ्याकडे येतं ते हेच, कुणी न घेतलेलं.

एका जॅकेटनं कुठलीही कंपनी बंद पडणार नाही, हे मला मान्य आहे. पण आपण कपाशीच्या मुलखातली माणसं. निंदणी, फवारणी आपण बघतो. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली, किलोवर मजुरी घेणाऱ्या बायांची बोटं बघतो. पुढे जिनिंग म्हणजे सरकी काढणं, मग सूत, विणाई, शिलाई. इतक्या हातांतून आलेला नवा शर्ट दीडशे रुपयांत मिळतो, तेव्हा कुणाची तरी मजुरी मारलेली असते. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी तडे दिसले होते, तरी शिलाई कामगारांना आत बोलावलं. ११०० हून जास्त जीव गेले. त्यांनी शिवलेल्या कपड्यांवर त्यांचे हात कुणाला दिसले?

म्हणून मी टाके जाड दोऱ्यानं, उठून दिसतील असे घालते. परवा एसटीत शेजारच्या बाईनं बाहीवरून हात फिरवला. ‘कितला दिन लागनात माय?’ मी म्हटलं, अकरा. चाळीसगाव येईपर्यंत ती विचारत होती, सासूचं एक लुगडं पेटीत पडलंय, त्याचं होईल का.