पहाट तीनची की साडेसहाची?

आषाढी जवळ आली की महाराष्ट्रात एक वाद हमखास रंगतो. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याने साधना करायची कधी? एक पक्ष म्हणतो, ब्रह्ममुहूर्तावर उठा. दुसरा सावता माळ्यांचा दाखला देतो: मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, कांदा-मुळ्यातच त्यांना विठाई दिसली, मग आपलं काम हीच पूजा, वेगळं काही करायला नको. लंडनमधून पाहताना दोन्ही पक्ष लंगडे वाटतात.

ब्रह्ममुहूर्त घड्याळाला बांधलेला नाही. तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटं सुरू होतो आणि ४८ मिनिटं टिकतो. मुंबईत ही वेळ वर्षभरात फार तर तास-सव्वा तासाने हलते, म्हणून ‘पाचला उठा’ हा सल्ला तिथे खपून जातो. लंडनमध्ये जूनअखेर सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे मुहूर्त लागतो तीनच्या सुमारास. आदल्या रात्री सव्वानऊ वाजून गेले तरी ऊन मावळलेलं नसतं, झोपायचं कधी? डिसेंबरअखेर मात्र तोच मुहूर्त साडेसहाला, डबा भरायच्या वेळी. भरीस भर म्हणून मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासाने सरकतं. म्हणून साधना वेळेला न बांधता कृतीला बांधावी: अंघोळ झाली की माळ, त्याआधी फोन नाही.

दुसऱ्या पक्षाची चूक जास्त खोल आहे. सावतोबांचं काम हाताचं होतं. वाफा खुरपताना जीभ आणि मन मोकळं असतं, नाम आत चालू राहतं. आपलं काम शब्दांचं. मेल लिहिताना किंवा मीटिंगमध्ये बोलताना नाम चालत नाही, कारण तीच वाट कामाने अडवलेली असते. ‘काम हीच पूजा’ म्हणून लॅपटॉप उघडणाऱ्याने त्यांचं निम्मंच घेतलं, आणि तेही सोयीचं. नामाची जागा हाताच्या कामात शोधावी: भांडी घासताना, इस्त्री करताना, स्टेशनपर्यंत चालताना.

माळेचा हिशेब सोपा आहे. १०८ मणी, ‘राम कृष्ण हरि’ला दोन सेकंद, म्हणजे साडेतीन ते चार मिनिटं. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट यायचं. बहुतेकांचं बिघडतं ते उत्साहात: पहिल्याच दिवशी अकरा माळा, म्हणजे चाळीसेक मिनिटं, आणि पहिल्या आजारपणात किंवा ऑफिसच्या धावपळीत सगळंच बंद. एक माळ धरून तीन महिने काढलेले बरे. अॅपवर मोजू नये, मध्येच निरोप येतो. रात्री अंथरुणात घेतलेली माळ म्हणजे झोपेचं औषध. मन भरकटलं तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, आहे त्या मण्यावरून पुढे जायचं.

एकादशीलाही गावाकडचं कॅलेंडर इथे चालत नाही. भारतात बुधवारी सकाळी सातला संपणारी तिथी उन्हाळ्यात लंडनमध्ये मध्यरात्रीनंतर अडीचलाच संपते. इथल्या बुधवारच्या सूर्योदयाला ती नसतेच, म्हणून उपवास बहुधा मंगळवारी येतो. पंचांग राहत्या शहराचंच काढावं. घरची मंडळी फोनवर ‘आज एकादशी, विसरलीस का?’ म्हणाली, तर कालच झाली म्हणून सांगावं.