रात्री दोनला जागा होणारा संगणक हॅक झालेला नसतो

सांगली-मिरजेकडच्या व्यापारी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो आहे. त्यातले म्हणणे असे: बंद केलेला संगणक स्वतःहून चालू होणे अशक्य, रात्री दोनच्या सुमारास तो चालू झाला तर हॅकर आत शिरला असे समजा, म्हणून रोज प्लग काढा, मदरबोर्डवरचा (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सेलही काढून ठेवा, नाहीतर डेटा जाईल आणि लाईटबिल वाढेल. मार्केट यार्डातल्या कितीतरी पेढ्यांचे हिशेब आणि रात्रीचे बॅकअप याच यंत्रांवर असतात. त्यामुळे हा सल्ला पाळणाऱ्याचे खरोखर नुकसान होते.

‘अशक्य’ हा पहिलाच शब्द चूक आहे. प्रत्येक मदरबोर्डवर एक घड्याळ असते आणि प्लग काढला तरी ते त्या छोट्या सेलवर चालत राहते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमधल्या घड्याळाच्या चिपमध्येही गजर लावायची सोय होती. तेव्हा त्या गजराने बंद यंत्र चालू होत नसे, कारण पॉवरचे बटण वीजच तोडायचे. १९९५ मध्ये एटीएक्स पद्धतीचा पॉवर सप्लाय आला आणि यंत्र बंद केले तरी ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन जिवंत राहू लागली. १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणले. झोप, हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणे) आणि पूर्ण बंद या अवस्था आणि त्यांतून जागे होण्याची रीत त्यात ठरवली गेली. म्हणजे ही सोय बनवणाऱ्यांनीच दिलेली आहे, आणि तीही पाव शतकाहून जुनी.

मग नेमके रात्री दोनलाच का? विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची मूळ वेळच रात्री दोनची आहे आणि त्यासाठी झोपलेले यंत्र उठवण्याची परवानगी सेटिंगमध्ये देता येते. अपडेट, बॅकअपचे सॉफ्टवेअर, हललेला माउस ही बाकीची नेहमीची कारणे. आपल्याकडे आणखी एक कारण आहे: लाईट जाऊन परत येणे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) ‘वीज आल्यावर चालू हो’ असे सेटिंग असेल तर लाईट येताच पूर्ण बंद यंत्रही सुरू होते. संशय आला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदी उघडा. ‘पॉवर ट्रबलशूटर’च्या नोंदीत झोपेतून कशाने जाग आली ते बहुतेक वेळा लिहिलेले असते. एखादा व्हायरसही असा गजर लावू शकतो, हे मान्य. पण तो टास्क शेड्यूलरच्या (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) यादीत शोधावा. अनोळखी नाव दिसले तर जाणकाराला दाखवावे.

हॅकर दुरून बटण दाबतो, हेही खरे नाही. नेटवर्कवरून यंत्र उठवण्याची पद्धत आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. त्या संदेशात यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता १६ वेळा लिहावा लागतो, आणि बाहेरच्या इंटरनेटवरून आलेला असा संदेश घरचा राउटर सहसा आत सोडत नाही. डेटा चोरणाऱ्याला रात्रीची वाट पाहायची गरजही नसते. दिवसभर यंत्र चालूच असते.

सेल काढण्याचा सल्ला सगळ्यांत घातक आहे. सेल आणि प्लग दोन्ही काढले की घड्याळ थांबते आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग बँकेची आणि जीएसटीची साइट ब्राउझर ‘असुरक्षित’ म्हणून अडवतो, बिलावर भलतीच तारीख पडू शकते, बायोसची सेटिंग्ज पुसली जातात. आणि रात्रीचा बॅकअप न सांगता बंद पडतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावात हिशेबाची प्रत दुसऱ्या ठिकाणी रोज जाणे किती गरजेचे आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

बिलाचे म्हणाल तर स्टँडबायला एक वॉट धरला तरी वर्षभरात नऊ युनिटही होत नाहीत.

स्वतः गजर लावायचा असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये त्या कामाच्या ‘कंडिशन्स’मध्ये संगणक जागा करण्याचा पर्याय निवडा आणि पॉवर प्लॅनमध्ये वेक टायमर (ठरल्या वेळी जागे होण्याची परवानगी) चालू ठेवा. हे झोपेतून चालते, बऱ्याच यंत्रांत हायबरनेटमधूनही. शटडाउन केलेल्या यंत्राला विंडोज उठवत नाही. त्यासाठी बायोसमध्ये ‘रिझ्यूम बाय अलार्म’ किंवा ‘पॉवर ऑन बाय आरटीसी’ (आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचे तेच घड्याळ) अशा नावाचे सेटिंग शोधा. तिथेच ‘ईआरपी’ हे वीज वाचवण्याचे सेटिंग चालू असेल तर ते बंद करा, कारण त्याने स्टँडबायची वीज तुटते आणि गजर वाजतच नाही. लिनक्सवर ‘आरटीसीवेक’ हा आदेश हेच काम करतो.

दुकान बंद करताना मेन स्विच पाडण्याची सवय बऱ्याच जणांना आहे आणि आगीच्या भीतीने ती योग्यही आहे. त्यांनी गजराच्या भानगडीत पडू नये. बॅकअप संध्याकाळी दुकान चालू असतानाच लावावा आणि टास्कच्या सेटिंगमध्ये ‘वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवा’ या पर्यायावर खूण करावी. एखाद्या संध्याकाळी लाईट नसली तरी सकाळी यंत्र सुरू झाल्यावर ते काम होऊन जाते.