५ लाखांच्या ठेव हमीबद्दल खुलासा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘बँक असो वा पतसंस्था, बुडाली तर सरकार दर खात्यामागे ५ लाख देणार.’ हे अर्धवट आहे. विमा देते ठेव विमा महामंडळ, म्हणजे रिझर्व्ह बँकेची उपकंपनी; हप्ता बँक भरते. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली, पण ती एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून. हळदीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, केलेली ४ लाखांची एफडी आणि बचत खात्यात २ लाख, शाखा वेगळ्या असल्या तरी मिळणार ५च. नागरी सहकारी बँकांना हे कवच आहे, पतसंस्थांना अजिबात नाही. आपल्याकडे खरी मेख तिथेच! विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे, ती बघा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.