स्नॅपिंग टर्टलला शेपटीला धरून उचलू नका

स्नॅपिंग टर्टल म्हणजे दुकानांत पाळण्यासाठी मिळणारं, गोड्या पाण्यातलं एक विदेशी कासव. ‘स्नॅपिंग टर्टल चावतं, म्हणून शेपटीला धरून उचला’ असा फॉरवर्ड गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. हा सल्ला चुकीचा आहे. शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचाच भाग. दहा-बारा किलोंचं जनावर लटकवलं की सगळा भार त्या मणक्यांवर येतो आणि कायमची इजा होऊ शकते. कवच मधोमध धरलं तरी बोटांची खैर नाही, कारण मान लांब असते, झटक्यात मागे वळते. उचलायचंच तर कवचाची मागची कड, मागच्या पायांच्या वरून, दोन्ही हातांनी घट्ट धरावी. त्यापेक्षा फावड्याने टबात सरकवलेलं बरं.

‘छोट्या टाकीत मजेत राहतं’ हीसुद्धा थापच. नाण्याएवढं पिल्लू वाढत वाढत फूटभर कवचाचं होतं, जगतं कित्येक दशकं.

आवरेनासं झालं म्हणून मांडवीत किंवा गावच्या तळीत सोडू नका. प्राणी उत्तर अमेरिकेतला, आमचे मासे-बेडूक फस्त करील. आधीच घरात असेल तर वनखात्याला कळवा. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात अशा सूचीबद्ध विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे. दुकानदार हे सांगत नाहीत, अर्थात.