राणीविना बरणीतली वसाहत टिकत नाही

“काचेच्या बरणीत माती भरा, अंगणातल्या वीस-पंचवीस मुंग्या आत सोडा, चिमूटभर साखर टाका, वसाहत आपोआप वाढेल, देखभाल काहीच नको,” असा सल्ला सध्या सर्वत्र फिरतो आहे.

अंगणात चरणाऱ्या मुंग्या या कामकरी माद्या असतात. बहुतेक जातींत त्यांनी अंडी घातलीच, तरी ती अफलित असल्याने त्यांतून केवळ नर निपजतात. त्यामुळे राणीवाचून वसाहत वाढणे दूरच, ती काही महिन्यांत संपते. १९५६ साली अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी बाजारात आणलेल्या मुंग्यांच्या खेळण्यातही राणी नसे आणि त्याचा शेवटही असाच होई. उलट, एकोणिसाव्या शतकात इंग्रज निसर्ग-अभ्यासक जॉन लबक यांनी काचेच्या घरट्यात पाळलेली एक राणी सुमारे १५ वर्षे जगली. शिवाय दोन बिळांतल्या मुंग्या एकत्र टाकल्यास त्या वासावरून परकेपणा ओळखून एकमेकींना मारतात, हे सल्ला देणाऱ्याने सांगितलेलेच नाही.

राणी मिळते ती प्रामुख्याने पावसाळ्याच्या तोंडाशी, मीलनानंतर पंख गाळून जमिनीवर फिरताना. (दिव्यावर झेपावणारे पंखवाले कीटक पुष्कळदा वाळवीचे असतात; वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि तिला मुंगीसारखी बारीक कंबर नसते.) मुंगळ्यासारख्या जातीची राणी मिळाल्यास बरणी नको, मातीही नको, परीक्षानळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा एवढी मांडणी अंधारात ठेवावी. पहिली पिल्ले वाढेपर्यंत ती काही खात नाही, कारण निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी यांवरच तिचा आणि अळ्यांचा निर्वाह होतो. वारंवार उजेडात काढून पाहिल्यास मात्र ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते.

साखरेने प्रौढ मुंग्यांना ऊर्जा मिळते, पण अळ्यांच्या वाढीला प्रथिने लागतात. म्हणून पहिल्या कामकरी मुंग्या दिसू लागल्यावर लहान किड्यांचे तुकडे द्यावेत. फवारणीने मेलेले झुरळ मात्र कधीही देऊ नये.

देखभाल कमी लागते, हे राणी एकटी असेपर्यंत खरे आहे. पुढे उरलेले अन्न बुरशी धरण्याआधी काढणे, पाणी तपासणे आणि वाढलेल्या मुंग्यांना फिरायला दिलेल्या डब्याच्या आतल्या कडेला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावून मुंग्यांची बाहेरची वाट बंद ठेवणे, ही कामे नियमाने करावीच लागतात.