पगारामुळे नाही, नेतृत्वामुळे सोडलं

सामाजिक संस्थांमध्ये कमी पगारामुळे माणसं टिकत नाहीत, असं एका लेखात वाचलं. माझा अनुभव वेगळा आहे. कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी सहा वर्षं समुपदेशक होते. पगार कमी होताच, पण त्यासाठी कुणी सोडून गेलेलं मला आठवत नाही. आमच्यातली एक ताई रात्री अकरापर्यंत पोलीस ठाण्यात बाईसोबत बसायची आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजर असायची. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत बाईचा कोर्टातला अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कौटुंबिक हिंसाचाराविरोधातला २००५ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. तेवढा काळ त्या बाईला धीर देणारी माणसं हीच.

आमचे संचालक मात्र महिन्याला किती केसेस 'बंद' झाल्या, एवढंच विचारायचे. बाई नवऱ्याकडे परत गेली की केस बंद. ती का गेली, तिथे सुरक्षित आहे का, हे काढलं की "भावनिक होऊ नका" म्हणायचे. २०२० मध्ये कायदा बदलला आणि परदेशी देणग्यांतून संस्थांना करता येणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, तेव्हा पहिली कात्री आमच्या प्रवासखर्चाला लागली. का, ते कुणी समजावून सांगितलं नाही. विश्वस्तांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

शेवटी आम्ही तिघी एकदमच बाहेर पडलो. माझ्याकडच्या अकरा बायकांच्या केसेस कुणाकडे द्यायच्या, हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरलं नव्हतं. त्यातल्या दोघी अजून फोन करतात. मी उचलते.