मुसोलिनीने सत्ता घेतली नाही, त्याला ती दिली गेली

हुकूमशाही म्हटलं की आपल्याला रणगाडे आठवतात. पण इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी रोमला आला तो मिलानहून रात्रीच्या रेल्वेने, सरकार बनवायला राजाचं बोलावणं आलं म्हणून!

ऑक्टोबर १९२२ ची गोष्ट. काळे शर्टवाले, म्हणजे मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाच्या टोळ्या, हजारोंच्या संख्येने रोमबाहेर जमले होते. पावसात भिजलेले, पोटात अन्न नाही, कित्येकांकडे धड बंदूकही नाही. लष्कराने मनात आणलं असतं तर दुपारपर्यंत सगळे घरी गेले असते. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून २८ तारखेला सकाळी राजापुढे सहीसाठी ठेवला. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही केली नाही. सैन्य फुटेल, यादवी होईल, चुलतभाऊ गादीवर डोळा ठेवून आहे अशी बरीच कारणं पुढे सांगितली गेली. मला त्यातलं एकही पटत नाही, कारण याच राजाने जुलै १९४३ मध्ये, युद्ध हरत आल्यावर, मुसोलिनीला बोलावून घेतलं, पदावरून काढलं आणि तिथेच अटक करवली. अधिकार होता की हातात!

पण सगळं खापर राजावर फोडणंही सोयीचंच. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातले जमीनदार शेतमजुरांच्या संघटनांना वैतागले होते. त्यांच्या पैशावर फॅसिस्ट टोळ्या रात्री ट्रक भरून गावात शिरायच्या, संघटनेचं कार्यालय जाळायच्या, पुढाऱ्याला धरून एरंडेल पाजायच्या. पोलीस बहुतेक वेळा काणाडोळा करत. जुने मुरब्बी पुढारी जोलित्ती यांनी १९२१ च्या निवडणुकीत याच लोकांना आपल्या आघाडीत घेतलं. हिशेब साधा होता: समाजवाद्यांना चाप बसेल आणि ही पोरं पुढे माणसाळतील. कामापुरता मामा! या पोरांना ५३५ पैकी ३५ जागा मिळाल्या.

पंतप्रधान झाल्यावर पहिल्याच भाषणात मुसोलिनी संसदेला म्हणाला की मनात आणलं असतं तर या सभागृहाची मी माझ्या तुकड्यांची छावणी करून टाकली असती. एवढं तोंडावर ऐकून घेतल्यावर सभागृहाने काय केलं? ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास दाखवला. जोलित्तीही बाजूने.

पुढचं कायद्यानेच झालं. १९२३ मध्ये नवा निवडणूक कायदा आला: सर्वांत मोठ्या यादीला किमान २५ टक्के मतं मिळाली की दोन तृतीयांश जागा तिच्या. १९२४ ची निवडणूक मारहाण करून जिंकली गेली. समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांनी ३० मे रोजी आरडाओरड्यात उभं राहून हे सगळं सभागृहात मांडलं. १० जूनला त्यांना भर दिवसा मोटारीत कोंबून नेलं, प्रेत दोन महिन्यांनी सापडलं. देश हादरला. विरोधकांनी काय केलं, तर सभागृहावर बहिष्कार टाकला आणि राजा काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसले. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने सांगून टाकलं, झाल्या गोष्टीची जबाबदारी माझी, हिंमत असेल तर खटला भरा. कुणी भरला नाही. १९२६ संपेपर्यंत विरोधी पक्ष बंद, खासदार घरी किंवा तुरुंगात.

मला जास्त अस्वस्थ करतं ते त्यानंतरचं. १९३१ मध्ये विद्यापीठांच्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशेपैकी नाही म्हणणारे जेमतेम डझनभर. बाकीचे काही सगळे फॅसिस्ट नव्हते. तत्त्वज्ञ क्रोचे यांच्यासारख्या विरोधकाचाही सल्ला होता की शपथ घ्या, जागा सोडू नका, नाहीतर मुलं फॅसिस्टांच्या हाती जातील. कम्युनिस्ट नेते तोल्यात्तींचंही तेच मत. घर चालवायचं असलेल्या माणसाला मी इथे बसून शिकवणार नाही. पण शपथ घेणाऱ्यांत ज्यू प्राध्यापकही होते. सात वर्षांनी वंशविषयक कायदे आले तेव्हा त्यांना विद्यापीठातून काढलं गेलं आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर त्यांचेच सहकारी रुजू झाले.